रिओ नेग्रोला ‘मृत नदी’ म्हणणाऱ्यांसाठी

कोरा चहा, कर्वेनगर
काल येथे एका सदस्यांनी लिहिले, की दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनची उपनदी असलेल्या रिओ नेग्रोचे पाणी काळे व आम्लधर्मी असून त्यात पोषणद्रव्ये जवळजवळ नाहीत, म्हणून ती आपल्या मुठेसारखीच मृत नदी आहे. हे मला सहन झाले नाही. मुठा काळी पडते ती आपल्या सांडपाण्याने, कारण ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. नेग्रोचा रंग मात्र वालुकामय जमिनीवर सडणाऱ्या पालापाचोळ्यातील ह्युमिक आम्लांचा आहे आणि तिचे पाणी ओंजळीत घेतले तर कोऱ्या चहासारखे नितळ दिसते. सोलिमोइस नदी, म्हणजे अ‍ॅमेझॉनचाच वरचा प्रवाह, अँडीज पर्वताचा गाळ घेऊन येते. नेग्रोला पाणी देणारा गयानाचा प्राचीन खडकाळ प्रदेश केव्हाच झिजून गेला आहे, म्हणून तिच्यात गाळ फारसा नसतो. त्यामुळेच ब्राझीलमधील मनाउस शहराजवळ एकत्र आल्यावरही तापमान, वेग आणि घनता निराळी असल्याने दोन्ही प्रवाह सुमारे ६ किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. या नदीच्या खोऱ्यातून माशांच्या ७०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेस यांनी १८५० ते १८५२ या काळात तेथील मासे रेखाटले. परतताना जहाज जळाले, संग्रह गेला, पण ती चित्रे वाचली. मृत नदीत त्यांना एवढे मासे कोठून मिळाले असते?

विठ्ठलवाडीकर
ते लिहिणारा मीच, आणि आपण माझे अर्धेच म्हणणे घेतले आहे. जाती पुष्कळ असणे आणि मासळी पुष्कळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळ्या पाण्याच्या नद्यांना ‘भुकेच्या नद्या’ म्हणतात, ते उगाच नव्हे. शिवाय, लहानपणी वडील मला आमच्या घाटावर उभे करून पाण्यातले मासे दाखवीत असत, आणि आज तेथे नाक झाकल्याशिवाय उभे राहवत नाही. काळ्या पाण्याचे कौतुक माझ्याने होणार नाही.

कोरा चहा, कर्वेनगर
आपल्या घाटाचे दुःख खरे आहे, पण त्याची शिक्षा नेग्रोला का? तेथील अन्न पाण्यात तयार होत नाही, ते जंगलातून पडते. पुराच्या काळात पाणी दहा-दहा मीटर चढते, झाडे बुडतात आणि मासे फांद्यांमध्ये शिरून फळे, बिया व कीटक खातात. गुलाबी डॉल्फिनही खोडांमधून वाट काढीत शिकार करतात. मासळीचे एकूण प्रमाण गाळाच्या नद्यांपेक्षा कमी आहे, एवढे मी मान्य करतो.

टाकीवाला, कोथरूड
मी वीस वर्षे मत्स्यटाकी सांभाळतो. देशी बदामाची वाळलेली पाने टाकली, की दोन दिवसांत पाणी तांबूस होते, आणि त्यात कार्डिनल टेट्राची निळी रेघ आणि खालचा लाल रंग असा उजळतो, की दिवा लावायची गरज वाटत नाही. हा नेग्रोचाच मासा.

विठ्ठलवाडीकर
म्हणजे नदीवर प्रेम करायचे आणि तिचे मासे काचेत कोंडायचे! मी मुलीसाठी असेच बारा टेट्रा आणले होते, त्यांपैकी सात तिसऱ्या दिवशी उलटे तरंगत होते. तिला काय सांगावे, ते मला सुचले नाही. हा व्यापार बंदच व्हायला हवा.

टाकीवाला, कोथरूड
बंद करून नेग्रोकाठच्या बार्सेलोस गावातील लोकांनी काय करावे? तेथील कित्येक कुटुंबे छोट्या होड्यांतून हाताच्या जाळ्याने हे मासे धरून जगतात. पाणी ओसरताना डबक्यांत अडकून असंख्य टेट्रा तसेही मरतात. ही मिळकत गेली, तर लाकूडतोड आणि सोन्याच्या खाणी उरतात. तेथील या मासेमारीला पाठबळ देणाऱ्या पियाबा प्रकल्पाचे लोक हेच तर सांगत आले आहेत.

विठ्ठलवाडीकर
‘तसेही मरतातच’ हा युक्तिवाद प्रत्येक शिकारी करतो! टाकीत पैदास केलेले टेट्रा मिळत असताना रानातले कशाला हवेत?

टाकीवाला, कोथरूड
मला शिकारी म्हणू नका. परदेशी पैदास केंद्रातला मासा घेतला, तर बार्सेलोसला एक पैसाही जात नाही आणि ते जंगल उभे राहावे असे तेथे कोणाला वाटण्याचे कारणही उरत नाही. आपले सात मासे गेले ते नदीपासून दुकानापर्यंतच्या हाताळणीने. ती सुधारा म्हणा, मी आपल्यासोबत उभा राहीन.

विठ्ठलवाडीकर
हाताळणीचा मुद्दा मी नाकारत नाही. ‘मृत’ हा शब्दही मागे घेतो. ‘उपाशी’ मात्र घेणार नाही. आणि मासे पुन्हा विकत आणणार नाही, कारण ते तिसऱ्या दिवशी टाकीतून काढणारा हात माझा होता.