हर्षल, नेपच्यून, प्लूटो पत्रिकेत असतात कशाला?

पोहेजलेबी (इंदूर)
छापून मिळणाऱ्या पत्रिकेत नवग्रहांबरोबर हे तिघेही असतात. प्लूटोचं ग्रहपद २००६ साली गेलं, तरी कुंडलीत तो ठाण मांडून आहेच. गुरुजी म्हणतात, "आम्ही त्यांना धरत नाही." मग छापायचं कशाला? उद्या आणखी एखादा ग्रह सापडला तर दशांचं काय?

वेधयंत्र
काहीच नाही, तिथे जागाच नाही. विंशोत्तरी, म्हणजे आयुष्याचे कालखंड (दशा) ग्रहांना वाटून देणारी पद्धत, तिची १२० वर्षं वाटून संपलीत: रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७, केतू ७, शुक्र २०. हर्षलला एक वर्ष द्यायचं तर कुणाचं तरी काढावं लागेल, की पुढच्या सगळ्या दशा सरकल्या. पाश्चात्त्यांनी त्याला कुंभ रास देऊन टाकली. आपल्याकडे ती शनीचीच. राहतो घरात, पण खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) नाव नाही!

मल्हारगंज_कट्टा
कारकत्वंही बघा, म्हणजे कुठला ग्रह कशाचा मानायचा ते. हर्षल १७८१चा, त्या सुमारास अमेरिका-फ्रान्समध्ये उलथापालथ, म्हणून तो क्रांतीचा. एरिस या प्लूटोसारख्याच बटुग्रहाचं तर हसूच येतं. शोधणाऱ्यांनी आधी तिला झीना म्हटलं होतं. ग्रह कशाला म्हणायचं यावरून शास्त्रज्ञांतच जुंपली, म्हणून कलहदेवतेचं नाव दिलं. आता पाश्चात्त्य ज्योतिषी तिच्यात कलह बघतात. नेपच्यून मात्र गणितानं सापडला: हर्षल वाटेवरून ढळत होता, त्यावरून ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञानं जागा सांगितली आणि १८४६ साली बर्लिनला तो एका अंशाच्या आत दिसला. फलित चुकतंय म्हणून कुणी ग्रह शोधून काढलेला नाही.

पोहेजलेबी
"परिणाम सूक्ष्म असतो" म्हणतात. तपासायचं कसं?

वेधयंत्र
राशीवरून नको. हर्षल एका राशीत सुमारे ७ वर्षं असतो, नेपच्यून १४, प्लूटो कुठे १२ तर कुठे ३०च्या वर. अख्ख्या वर्गाचा प्लूटो बहुधा एकाच राशीत निघेल.

२० पत्रिका घ्या, प्रत्येकीच्या दोन प्रती. दुसरीत फक्त या तिघांची घरं बदला. नाव, जन्मतारीख झाका. काही महिन्यांच्या अंतरानं एकाच ज्योतिष्याला द्या, हो-नाही प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. जातक (ज्याची पत्रिका तो) समोर नको, चेहरा वाचला जातो. आणखी ५ पत्रिका काहीही न बदलता दोनदा द्या, म्हणजे त्यांची उत्तरं मुळात किती डोलतात ते कळेल. फरक त्याहून जास्त पडला तरच बोलायचं. पंचांग त्यांच्या हाती नको. शनी-गुरूवरून जन्मसाल निघतं आणि बनावट हर्षल पकडला जातो.

मल्हारगंज_कट्टा
मूळ अंश पडताळायला उज्जैनच्या जिवाजी वेधशाळेचं पंचांग बघा. फक्त अंश सायन (वसंतसंपातापासून मोजलेले, पाश्चात्त्य पद्धतीचे) की निरयन (ताऱ्यांच्या आधारे मोजलेले, आपल्या पत्रिकेतले) ते आधी पाहा. दोन्हींत सध्या सुमारे २४ अंशांचा फरक आहे.