मदत हवी आहे : अडकणारी व्हीसीडी आणि न चालणारी ब्लू-रे

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. बाबांच्या कपाटात मराठी सिनेमांच्या साठेक व्हीसीडी निघाल्या. रविवारी 'सिंहासन' (१९७९) लावला. पहिली डिस्क झकास चालली. दुसरी मात्र घरघरते, चित्राचे चौकोन होतात आणि गाडी तिथेच अडते. शेवटचा निळू फुलेंचा प्रसंग तर दुसऱ्याच डिस्कवर! उजेडात धरली तर कडेला टाचणीएवढी भोकं दिसतात, म्हणजे वरचा चकाकता थर उडालाय. टूथपेस्टने घासायचा सल्ला कृपया देऊ नका, तो उपाय खालच्या बाजूच्या ओरखड्यांसाठी.

स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने 'कॉपी करून देतो' म्हणून दहा डिस्क घेतल्या आणि पेनड्राइव्हवर फक्त शॉर्टकट दिले, दोन-दोन केबीचे! ज्यात खरा सिनेमा असतो ती डॅट फाइल डिस्कवरच राहिली. पैसे गेले ते गेलेच.

ठाणे-कळवा-ऐरोली पट्ट्यात कुणाकडे जुना, दणकट डीव्हीडी रायटर आहे का? जुने ड्राइव्ह खराब डिस्क जास्त नेटाने वाचतात, असा माझा अनुभव. व्हीसीडीचं ३५२ बाय २८८ पिक्सेलचं चित्र मोठ्या टीव्हीवर भुरकटच दिसणार, पण आईला तेवढं पुरे.

जाता जाता दुसरं. भाच्याने अमेरिकेहून सत्यजित राय यांच्या अपू त्रयीची ब्लू-रे आणलीय. ब्लू-रेला जगाच्या भागांनुसार रीजनचं कुलूप असतं; ती रीजन ए, आपल्याकडचा प्लेअर रीजन सी, त्यामुळे नुसता मनाईचा संदेश येतो. रीजन-फ्री प्लेअर कुणी वापरतंय का? कुठून घेतला, केवढ्याला पडला?