सुती चादरी आणि टॉवेल घ्यायचेत, कशावरून पारखायचे?

मंडळी, आईबाबा मे महिन्यात कायमचे आमच्याकडे पुण्याला येताहेत. त्यांच्या खोलीसाठी दोन डबलबेडच्या चादरी, अभ्रे आणि चार टॉवेल हवेत. बाबांना घाम फार, म्हणून सुतीच.

दिवाळीत '१००० थ्रेड काउंट, १०० टक्के कॉटन' वाचून ऑनलाइन एक संच घेतला होता. हाताला लोणी! चार धुण्यांत पायथ्याशी बारीक गोळे आले आणि रात्री पाठ चिकचिकायला लागली. शेवटी शिवणीतला दोरा उसवून काडी लावली, तर टोकाला काळा टणक मणी, म्हणजे पॉलिस्टर! आणि आईची सोलापुरी चादर बावीस वर्षं झाली तरी धडधाकट आहे.

तर किती थ्रेड काउंट बघू? गादी ७२ बाय ७८, जाडी ८ इंच. टॉवेलचं तर काहीच कळत नाही.

प्रतिसाद: ताई, शिवणीचा दोरा चांगल्या सुती चादरीलाही बरेचदा पॉलिस्टरचाच असतो. कापडातलाच एक उभा आणि एक आडवा धागा काढून वेगवेगळे जाळा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो, राख बोटाने चुरते.

थ्रेड काउंट म्हणजे चौरस इंचातले उभे-आडवे धागे. दुपदरी-तिपदरी सुताचा एकेक पदर सुटा मोजून आकडा फुगवतात. एकपदरी सुताची २०० ते ४०० पुष्कळ झाली. घाम येणाऱ्याला साध्या विणीची, म्हणजे पर्केल घ्या. सॅटीन विणीचं कापड गुळगुळीत लागतं, पण उकडतं. गोळे आखूड तंतूंमुळेही येतात, म्हणून 'कोम्ब्ड', म्हणजे आखूड तंतू विंचरून काढलेलं सूत, असं लिहिलंय का पाहा.

माप १०८ बाय १०८ घ्या. ९० बाय १०० पाच टक्के जरी आटली, तरी कोपरे खोचले जाणार नाहीत. टॉवेल ४५० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आसपास. सहाशेच्या वरचे आपल्या पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाहीत. सॉफ्टनर अजिबात नको, मग पाणी टिपत नाहीत.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी): आत्ताच दोन्ही धागे जाळून आले. उभ्याची राख झाली, आडव्याचा मणी! म्हणजे निम्मी फसवणूक. आता उरलेले अभ्रे पायपुसण्याला. सोलापूरला मावसभाऊ आहे, टॉवेल त्यालाच सांगते. पर्केल पुण्यात हात लावून बघून घेता येईल असं दुकान कुणाला माहीत आहे का?