मदत हवी आहे: एचओ (१:८७ मापाचं मॉडेल रेल्वे) इंजिन तापतंय, टकटक आवाज येतोय

रूळवेडा
डिझेल इंजिन प्रदर्शनात चार दिवस रोज सात-आठ तास सलग चाललं. आता दहा मिनिटांत तापतं, झटके देतं, टकटक वाजतं. तेल घातलं, रूळ पुसले, फरक शून्य. शनिवारी परत लावायचंय. काय बदलू?

वर्मगियर
डीसी (साधा करंट) की डीसीसी (डिजिटल कंट्रोल)? तेल कोणतं आणि कुठे घातलंत? तापणं तेलाआधीपासून की नंतर?

रूळवेडा
साधं डीसी. शिलाई मशीनचं तेल, मोटरमध्ये वरून तीन-चार थेंब. टकटक आधीची, तापणं नंतरचं. उपाय सांगा ना लवकर.

वर्मगियर
मग हे दोन वेगळे बिघाड आहेत. तेल फक्त बेअरिंगला, सुईच्या टोकावर राहील तेवढंच. वरून ओतलेलं तेल कम्युटेटरवर (मोटरच्या दांड्यावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) गेलं, ब्रशच्या (त्यावर घासणारे कार्बनचे तुकडे) कार्बन भुकटीत कालवलं आणि तो काळा चिखल खाचांत बसला. शेजारच्या पट्ट्या त्यातून जोडल्या जातात, करंट वाढतो, मोटर तापते. ब्रश काढा (स्प्रिंगवर बोट ठेवून, उडते), खाचा टूथपिकने कोरा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर अजिबात नको. तेल प्यालेले ब्रश जोडीनेच बदला.

स्वच्छरूळ
आधी चाकं बघा! झटके चाकांवरच्या काळ्या थरामुळेच येतात. रुळावर आयसोप्रोपिलने ओला केलेला टिश्यू टाका, एक बोगी (इंजिनाखालचा चाकांचा गट) त्यावर, दुसरी उघड्या रुळावर, इंजिन हाताने धरून पॉवर द्या. मग उलटं.

वर्मगियर
चाकं जरूर पुसा, पण घाण चाकांनी इंजिन अडखळतं, मोटर अशी तापत नाही.

डिकोडरवाला
एवढं उघडताय तर डीसीसी करूनच घ्या, आठ पिनांचा डिकोडर (डिजिटल सिग्नल वाचून मोटर चालवणारं सर्किट) सहज बसतो.

वर्मगियर
या मोटरवर? आधी करंट मोजा, नाहीतर डिकोडर जळेल.

बोगीबाज
टकटकीबद्दल कोणीच बोलत नाहीये. एका चाकावर पांढरा ठिपका द्या, अगदी हळू चालवा. दर फेऱ्याला एकदाच टक झालं तर ॲक्सलचा गियर तडकलाय. चिरेपाशी दोन दातांमधली फट रुंदावते, शेजारचा गियर तिथेच अडतो. झटकेही त्याचेच.

रूळवेडा
बरोबर! पुढच्या बोगीच्या दुसऱ्या ॲक्सलवर केसाएवढी चीर आहे. फेविक्विक चालेल?

बोगीबाज
नाही. ते प्लास्टिक गुळगुळीत, गोंद धरत नाही. शिवाय दोन्ही अर्धे ॲक्सल त्याच गियरमध्ये दाबून बसवलेले असतात. चिरलेला गियर पकड सोडतो, चाकं सरकतात आणि गाडी सांध्यावर (रूळ बदलतो तिथे) घसरते. तेवढेच दात आणि तेवढंच भोक असलेला गियर घ्या, चाकं सरळ दाबा, आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ मिमीच्या आसपास ठेवा. बाकीचे तीनही भिंगाखाली बघा, एका वयाचे आहेत.

रूळवेडा
तीनपैकी अजून एक चिरलाय. चारही बदलतो. ग्रीस कोणतं लावू?

बोगीबाज
प्लास्टिकला चालणारं, वर्मवर (स्क्रूसारखा गियर) तांदळाच्या दाण्याएवढं. ॲक्सलच्या गियरला वेगळं नको.