व्यावसायिक इमारतींसाठी सॉफ्टवेअर बनवायचंय, सुरुवात कुठून करावी?

नवी_वाट:
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं, सॉफ्टवेअरमध्ये आठ-नऊ वर्षं काढलेले. ऑफिस इमारती, मॉल, गोदामं यांच्यासाठी काहीतरी नीट बनवायचं ठरवलंय. डोक्यात दोन कल्पना आहेत. एक, मजल्यावर किती माणसं आहेत ते सेन्सरने मोजून त्याप्रमाणे एसी-दिवे चालवणं. दुसरी, भाडेकरार एआयकडून वाचून घेणं. दोन महिने बऱ्याच जणांना भेटलो. सगळे "छान आहे" म्हणतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. या क्षेत्रात आत राहून काम केलेल्यांनी सांगा, खरी अडचण कुठे आहे? पैसे कोण देतं?

करारवाचक:
चौदा वर्षं भाडेकरारांचंच काम करतेय, त्यामुळे माझं मत दुसऱ्या कल्पनेला. पण करार म्हणजे एक कागद नव्हे, हे आधी लक्षात घ्या. मूळ करार, पहिली पुरवणी, दुसरी, तिसरी, मध्येच एखादं पत्र, सगळं स्कॅन केलेलं, त्यात दोन पानं तिरकी. मी भाडेकरूच्या बाजूने एका कंपनीत होते तेव्हा आमच्या एक्सेलमध्ये नूतनीकरणाची नोटीस "सहा महिने आधी" अशी नोंद होती. तिसऱ्या पुरवणीने ती मुदत नऊ महिने केली होती. आम्ही सात महिने आधी नोटीस दिली आणि निर्धास्त राहिलो. नूतनीकरणाचा हक्क गेला, भाडं नव्याने ठरलं आणि पुष्कळ चढं ठरलं. तेव्हापासून ज्या नोंदीपुढे पान आणि कलम लिहिलेलं नाही तिच्यावर मी विश्वास ठेवत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरने काढलेल्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेवलं की मूळ पान उघडलं पाहिजे, ते कलम कुठल्या पुरवणीने बदललं ते दिसलं पाहिजे आणि शेवटची मान्यता माणसानेच द्यायला हवी.

याहून मोठी डोकेदुखी सामायिक खर्चाच्या, म्हणजे सफाई, सुरक्षा अशा अख्ख्या इमारतीच्या खर्चातल्या भाडेकरूंच्या वाट्याच्या, वार्षिक ताळमेळाची. समजा करारात लिहिलंय की खर्चातली वाढ दरसाल ५ टक्क्यांपेक्षा जास्त वसूल करता येणार नाही. पहिल्या वर्षी खर्च १००, दुसऱ्या वर्षी १०२, तिसऱ्या वर्षी ११०. मर्यादा मागच्या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चावर धरली तर तिसऱ्या वर्षी १०७.१० पर्यंतच मागता येतात. तीच मर्यादा पहिल्या वर्षापासून साचत जाणारी असेल तर ११०.२५ पर्यंत जाते, म्हणजे पूर्ण ११० वसूल. करारातल्या एका शब्दाचा हा फरक, आणि इमारतीत साठ भाडेकरू असतील तर साठ तऱ्हेची कलमं. दरवर्षी याच्यावरून वाद होतात, लोक रात्री जागून एक्सेल जुळवतात. हे ज्याने सोडवलं त्याचा फोन उचलला जाईल.

क्षेत्रफळाची व्याख्याही नुसती "एरिया" म्हणून साठवू नका. बोमा या अमेरिकेतल्या इमारतमालकांच्या संघटनेची मोजणी वेगळी, २०१४ मध्ये ऑफिसांसाठी आलेली आयपीएमएस ही आंतरराष्ट्रीय मोजणी वेगळी. तोच मजला, आकडे दोन. शिवाय आयएफआरएस १६ हा आंतरराष्ट्रीय हिशेबाचा नियम लागू झाल्यापासून, म्हणजे २०१९ पासून, बहुतेक भाडेकरार भाडेकरूच्या ताळेबंदात दाखवावे लागतात. म्हणजे अकाउंट्सवाल्यांनाही हाच डेटा हवा असतो.

यंत्रघर:
मी इमारतीच्या यंत्रणेकडचा. पहिली कल्पना टाकून देऊ नका, पण नवे सेन्सर लावण्याआधी आत जे आहे ते वाचायला शिका. यंत्रं एकमेकांशी ज्या भाषांत बोलतात त्यांतलं मॉडबस १९७९ चं, बीएसीनेट १९९५ पासून आश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेचं स्टँडर्ड, आणि कित्येक इमारतींत दोन्ही शेजारी शेजारी चालू असतात. जोडणी जमते, अडतं ते नावांवर. एकाने पुरवठा हवेच्या तापमानाला "एएचयू३_एसएटी" म्हटलं, दुसऱ्याने "टेम्प ७". कोणाचा अर्थ काय हे चिलर चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतं आणि तो निवृत्त होतो. ब्रिक आणि हेस्टॅक ही दोन्ही याच कामासाठी आहेत, यंत्रणेतल्या अशा प्रत्येक मोजमापाला अर्थाचं लेबल लावण्यासाठी. स्वतःची तिसरी भाषा बनवू नका, कळकळीने सांगतो.

आणि सुरुवातीला फक्त वाचा, हुकूम देऊ नका. २०१३ मध्ये टार्गेट या दुकानसाखळीत चोर शिरले ते वातानुकूलनाच्या कंत्राटदाराचा लॉगिन वापरून, आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. त्यामुळे आयटीवाले तुम्हाला आत घेताना दहा प्रश्न विचारतील आणि ते बरोबरच आहेत. माणसं मोजताना संख्या घ्या, ओळख घेऊ नका.

मालकाच्या_बाजूने:
पैशांचं मी सांगतो. यंत्रसामग्रीवर खर्च मालक करतो आणि वीजबिल भाडेकरू भरतो, अशा करारात बचतीचं प्रेझेंटेशन मालकाला कितीही दाखवा, तो हलणार नाही. त्याला दोष नाही, फायदा त्याच्या खिशात येतच नाही. म्हणून भेटीला जाण्याआधी विचारा, इथे बिल कोण भरतं? मालकच भरत असेल किंवा वीज वाचवणाऱ्या यंत्रणेचा खर्च भाडेकरूकडून वसूल करण्याचं कलम करारात असेल, तर बोलण्यात अर्थ आहे.

दुसरं, फुकट पायलट, म्हणजे एका इमारतीत फुकट चाचणी, करू नका. कमी घ्या, पण घ्या, आणि आधीच लेखी ठरवा की अमुक आकडा गाठला तर पुढच्या दहा इमारती. मी चार फुकट पायलट चालू करून दिले, चारही एका इमारतीपुढे गेले नाहीत, कारण पुढचं बजेट कुणाच्याच नावावर नव्हतं. आणि यार्डी, एमआरआय या मालमत्तांचे हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरशी जोडणी आधीच तपासा. हिशेब तिथे असतात, ते सोडून कुणी तुमच्याकडे येणार नाही.

नवी_वाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही तिघांनी आत्ताच बोलून सेन्सर बाजूला ठेवलाय. सामायिक खर्चाच्या ताळमेळापासून सुरू करतो. करारवाचक ताई, पहिल्या चाचणीला कसले करार घ्यावेत?

करारवाचक:
ज्या भाडेकरूशी गेल्या वर्षी वाद होऊन मिटला, त्याची फाईल मागा. त्याचं खरं उत्तर दोन्ही बाजूंनी सही करून मान्य केलेलं असतं. अशा पाच फायलींवर तुमचा आकडा जुळला की मला इथेच लिहा, मी माझ्याकडची सगळ्यात गुंतागुंतीची काढून ठेवते. नावं झाकून द्यायला आमच्या साहेबांना विचारावं लागेल, पण ते हो म्हणतील असं वाटतंय.