चिपाडाचे बोर्ड लावा आणि एसी विका म्हणे!

गंगापूररोडकर: काल इथे एका महाशयांनी सल्ला दिला: घराला उसाच्या चिपाडाचे, भाताच्या पेंढ्याचे बोर्ड लावा आणि एसी विकून टाका. हात जोडले! एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा वरच्या मजल्यावर छळतो तो स्लॅब. रात्री अकराला पलंगावर उभं राहून छताला हात लावून बघा. आधी छताचं बोला. आणि जुलैच्या ओलीत पेंढा टिकला तर मिशी उतरवीन.

मातीचं_घर: ते महाशय मीच. नुसता पेंढा कोण म्हणालं? चुन्यात कालवलेला म्हणालो. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले सापडले, २०१६ साली ते प्रसिद्धही झालं. दीड हजार वर्षं टिकलंय. चुन्यामुळे बुरशी-वाळवीला सहजी थारा मिळत नाही, आगही पटकन धरत नाही. उलट लंडनचा ग्रेनफेल टॉवर आठवा, २०१७. बाहेरचं प्लास्टिक भरलेलं आवरण पेटलं, ७२ माणसं गेली.

सिडको_साइटवाला: वेरूळ म्हणजे अखंड कातळ, तुमचा टू बीएचके नाही! थर्माकोलची उष्णतावाहकता (जितकी कमी, तितकी उष्णता कमी आत शिरते) ०.०३५च्या आसपास, भांग-चुन्याची ०.०६ ते ०.१. तेवढाच गारवा हवा तर दुप्पट-तिप्पट जाडी. इंचाइंचावर भांडणारं गिऱ्हाईक कार्पेट एरिया सोडेल? आणि भांग पिकवायची कुठे, पोलीस ठाण्यामागे?

निफाडी_गारठा: बोर्ड कसले घेऊन बसलात? आम्ही कांदाचाळीच्या पत्र्यावर उसाचं पाचट टाकतो. ते नसलं की मे महिन्यात वरच्या थरातला कांदा उकडतो, मग त्याला पाणी सुटतं, आणि वास असा की चाळीत पाय ठेववत नाही. पण चाळ गार ठेवून मिळवलं काय? ऑगस्ट २०२३ला, ऐन चाळी फोडायच्या वेळी, ४० टक्के निर्यातशुल्क. डिसेंबरात थेट बंदी!

सिडको_साइटवाला: दादा, विषय इन्सुलेशनचा आहे.

निफाडी_गारठा: मग मी काय भजनाबद्दल बोलतोय? कांदा महागला की शहरात बोंब, आमचा सडला की 'विषय वेगळा'. मागच्या साली अर्धी चाळ उकिरड्यावर टाकली, तेव्हा कुणी धागा नाही काढला.

कॉलेजरोड_ताई: भाऊ, भाव पडले ते वाईटच. पण पाचटात उंदीर होत नाहीत का?

निफाडी_गारठा: होतात, ताई. उंदरामागे सापही येतो. पाऊस लागला की कुजतं, दरसाल नवं टाकावं लागतं. तुमच्या सोसायटीत कोण टाकणार, सेक्रेटरी?

गंगापूररोडकर: बघा, माझंच म्हणणं निघालं! बरं, गच्चीवर चुन्यात बांधलेला थर, एवढं मान्य करतो. पण चिपाड फुकट पडलेलं नाही, कारखाने बॉयलरला घालून वीज करतात.

मातीचं_घर: उपकार झाले! चिपाड नसेल तर इगतपुरीचा पेंढा घेऊ. फक्त त्या थरावर डांबरी वॉटरप्रूफिंग फासू नका. आत अडकलेली ओल बाहेर पडायला वाट लागते.

सिडको_साइटवाला: म्हणजे गच्ची गळणार. माझा नंबर मिळेलच तुम्हाला.