अनुभव धागा : दाढीचं सामान घरच्या घरी – जवस, तुरटी, कोरफड आणि आपलं खारं पाणी

धागा काढायचं कारण पाणी. मी दर्यापूर तालुक्यातला, म्हणजे पूर्णा नदीचा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरच्या पाण्यात दाढीची क्रीम कितीही महागाची आणा, फेस येतच नाही, ब्रशला पांढऱ्या गुठळ्या आणि गालावर चिकट थर, वरून ब्लेड ओढलं की मानेवर लाल पुरळ. म्हणून विचारतोय, घरी कोणी काही करत असेल तर लिहा, काय घेता, कसं करता, किती दिवस टिकतं. स्वतः वापरलेलंच लिहा, व्हॉट्सअपवर आलेलं नको बाप्पा. बायांनीही लिहा, पायाची अन् काखेची कातडीही कातडीच आहे.

दारव्ह्याची_सून
बरं झालं बायांचं नाव काढलं, नाहीतर हा विषय निघाला की आम्ही गप्पच बसतो. मी जवसाची जेल करते. दोन मोठे चमचे जवस, दीड पेला पाणी, मंद आचेवर ठेवून हलवत राहायचं, आठ-दहा मिनिटात पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरायला लागतं, तिथंच गॅस बंद. आणि गरम असतानाच गाळायचं, हे फार महत्त्वाचं, थंड झालं की जेल आणि जवस एकजीव होतात मग फडकं पिळून हात दुखतील पण खाली थेंब पडत नाही. गाळणी नको, जुनं सुती ओढणीचं कापड घ्या. फेस शून्य. पण रेझर असा सरकतो की बस, आणि पाणी खारं असो गोडं असो याला फरक पडत नाही कारण यात साबणच नाही. फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस, आंबट वास आला की फेकायचं, जीव नाही गुंतवायचा. सासूबाईंना वाटतं केसांसाठी करते, वाटू दे.

मेडिकलवाली_वाशीम
वरच्या ताईंचं बरोबर आहे. जड पाण्यातलं, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला चिकटतं आणि त्याचा न विरघळणारा साका होतो, त्याच तुमच्या पांढऱ्या गुठळ्या. म्हणजे क्रीम बदलून उपयोग नाही, पाणी बदला, आरओचा कॅन किंवा पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी एक मगभर पुरतं. दुसरं, कातडीचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) साधारण साडेपाच आणि साबणाचा नऊ-दहा, म्हणून साबणाने दाढी केली की ओढल्यासारखं होतं. लोकांना फेस दिसला की दाढी चांगली झाली असं वाटतं, खरं काम भिजलेला केस आणि निसरडेपणा करतो.

आणि एक विनंती, लिंबू लावू नका. माझ्या दुकानात एक पोरगी आली होती, काखेत रेझर फिरवून वर लिंबू चोळलेलं, तिथून सरळ वावरात, हातावर जिथं जिथं रस ओघळला तिथं दोन दिवसांनी फोड आणि नंतर काळे पट्टे. लिंबाचा रस आणि ऊन मिळून कातडी जाळतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो हे काय सांगायचं.

वस्तरा_पुसद
मी सलून चालवतो, गावातच, बापापासून. जेल-बिल सगळं ठीक आहे पण लोकं पाच मिनिट दम धरत नाईत हो. आंघोळीच्या आधी कोरड्या तोंडावर ब्लेड ओढतात अन् मंग म्हणतात मले सामान सूट होत नाई. आधी गरम पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिट दाबून ठेवा, नाईतर आंघोळीनंतरच करा. अन् मानेचे केस एका दिशेनं नसतात, बोट फिरवून पाहा, कोणाचे वर जातात कोणाचे आडवे, पहिला हात केसाच्या दिशेनंच मारायचा. उलटा हात मारला की गुळगुळीत लागते, खरं हाय, पण कुरळ्या केसाच्या पोट्ट्याले आठ दिवसात केस आतल्या आत वळून फोडी येतात, तो मंग नखानं टोकरत बसतो.

तुरटीचं सांगतो. खडा ओला करून फिरवायचा, अर्धा-एक मिनिट राहू द्यायचा, धुऊन टाकायचा. बारीक कापलेलं रक्त थांबते. ठेवून दिली तर कातडी कोरडी पडते, म्हणून नंतर दोन थेंब खोबरेल. पण आता मी एक खडा सगळ्याइले फिरवत नाई, चमचाभर तुरटी पेलाभर पाण्यात विरघळवून ठेवतो अन् प्रत्येकाले नवीन कापूस. ब्लेडचंही तसंच, घरात बाप-लेकाचं एक रेझर चालू असते, त्यानं गजकर्ण पसरते, कावीळ बी (बी टाईपची) रक्तातून जाऊ शकते. घरचं नैसर्गिक सामान करता अन् ब्लेड भावाचं वापरता, हे कोणतं आरोग्य?

मोहफूल_गडचिरोली
आमच्याकडे जवस कमी, मोह भरपूर. मोहाच्या बियांचं घाण्यावरचं तेल हिवाळ्यात गोठतं, तळहातावर चोळलं की लगेच वितळतं, ओल्या गालावर दोन-तीन थेंब लावून वरून कोरफड. वास उग्र आहे, बायको लांब बसते. कोरफडीचं पान तोडलं की उभं ठेवून पिवळा चीक आधी गळू द्या, तो लागला की खाज सुटते. तेलानं ब्लेड तुंबतं, कोमट पाण्यात सारखं हलवावं लागतं, एवढाच वैताग.

गटाचा_साबण_वर्धा
कोणी घरी साबण करायचा विचार करत असेल तर थोडं सावकाश. आम्ही गटात करतो. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, कॉस्टिक त्याला खातं, स्टील घ्या, चष्मा-हातमोजे घाला, लेकरं बाहेर. खोबरेलने फेस पटकन येतो, एरंडेलने तो टिकतो, दोन्ही लागतं. वडी चार ते सहा आठवडे वाळू द्यायची. दाढीचा मऊ साबण हवा असेल तर कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश (खताचं पोटॅश नव्हे) वापरतात, पण तेलाच्या मापात चुकलं तर चेहरा सोलतो, त्यामुळे एकट्याने घरी करू नका, शिकलेल्या माणसासोबत करा. आणि वर मेडिकलवाल्या ताईंनी सांगितलं तेच, खाऱ्या पाण्यात हाही साबण फसतोच.

कापूसवाला
सामानाचं मला काही माहीत नाही, मी खोबरेल लावून दाढी करतो. पण फवारणीच्या दिवशी सकाळी दाढी करू नका भाऊ. ताज्या दाढीवर औषधाचा फवारा उडाला की आग होते, बारीक चिरा असल्या की औषध आत शिरायलाही सोपं. २०१७ ला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली ती आम्ही पाहिली आहेत. आदल्या रात्री करा, नाहीतर राहू द्या वाढलेली, पऱ्हाटीले (कपाशीले) काय फरक पडते.

दर्यापूर (धागा काढणारा)
जवसाची जेल केली, कॅनच्या पाण्यात. मानेची आग बरीच कमी आहे. फक्त पारदर्शक असल्यामुळे कुठं ब्लेड फिरलं कुठं राहिलं कळत नाही, कानाजवळ एक पट्टा राहूनच गेला, बायकोनं दाखवला. दारव्ह्याच्या वहिनी, दर आठवड्याला करायचा कंटाळा येतो, जास्तीची करून ठेवता येते का? आणि चोथ्याचं काय करता?

दारव्ह्याची_सून
बर्फाच्या ट्रेमध्ये ओता, रात्री एक तुकडा वाटीत काढून ठेवला की सकाळी तयार. पट्ट्यासाठी आरसा उजेडाकडे धरा, नाहीतर बोटाने चाचपत चला. चोथा म्हशीच्या आंबोणात.